आईचा चुकलेला अंदाज

माझ्या आईचं नाव क्रांती. तिचा जन्म झाला त्या दिवशी तिचे वडील कोल्हापुरात कलेक्टर कचेरीवरच्या मोर्चात होते. घरी आल्यावर मुलगी झाल्याचं कळलं आणि पायातलं पायताण काढायच्या आधीच त्यांनी नाव ठरवून टाकलं. नाव मोठं मिळालं, पण पाठीवर दोन भाऊ झाले आणि ते सांभाळायला तिला चौथीतनं शाळेतून काढलं. पुढं लग्न होऊन ती कोडोलीला आमच्या घरात आली.

तिला वाचता येत नव्हतं असं नाही. एसटीची पाटी, खताच्या पोत्यावरची अक्षरं, लग्नपत्रिकेतली नावं ती वाचायची. पुस्तक मात्र शाळा सुटल्यापासून तिनं हातात धरलं नव्हतं. घरात आण्णा म्हणजे माझे आजोबा, माझे वडील गणपतराव, धाकटे काका पृथ्वीराज, मी, आणि गोठ्यात म्हशी. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. या सगळ्यांचं आई एकटी करायची. हातात पुस्तक धरायला हात रिकामा कधी असायचाच नाही.

मी पाचवीत असताना काकांचं लग्न झालं आणि अनुजा काकी आली. गारगोटीची, बी.ए. झालेली. तिच्या रुखवतात भांड्यांच्या शेजारी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात पुस्तकं. गल्लीतल्या बायका रुखवत बघायला यायच्या आत आईनं ते खोकं पलंगाखाली सारलं.

"लोकास्नी काय सांगायचं, पोरीनं रद्दी आणली म्हणून?" ती मला हळूच म्हणाली.

आई तिला जरा भिऊनच होती. शिकलेली बाई, आपल्या बोलण्याला हसेल, शेणात हात घालणार नाही, असं तिला वाटायचं. काकीनं तिसऱ्याच दिवशी पदर खोचून गोठा झाडला, तेव्हा त्यातली निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी एका दुपारी गेली.

जेवणं आटपली होती. आई दारालगतच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. काकी भिंतीला टेकून वाचत होती आणि मधेच एकटीच हसली.

"काय गं, येडी का काय? एकटीच हसतीस?"

"आक्का, ऐका की." काकीनं पान मागं उलटलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ती आईला पहिल्यापासून आक्काच म्हणायची. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

आई शेंगा फोडायची थांबली. धारेची वेळ होईपर्यंत काकी वाचत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मग गोष्ट ऐन रंगात आलेली असताना काकीचा भाऊ तिला सणाला न्यायला आला. ती आठवडाभर माहेरी गेली, पुस्तक कोनाड्यात राहिलं.

आईला राहवेना. गोष्टीतल्या बाईचं पुढं काय झालं? तिनं माझ्याकडून वाचून घ्यायचं बघितलं, पण मी खेळायला पळून जायचे. शेवटी तिनं स्वतःच पुस्तक उघडलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत ती वाचायला लागली. जोडाक्षर आलं की थांबायची, थांबली की मागं जायची, तोवर चुलीवर काहीतरी उतू जायचं.

काकी परत आली त्या दिवशी तिनं उंबऱ्यात पिशवी टेकवायच्या आत आईनं विचारलं, "अनू, ती निद्राधीन झाली म्हंजे गेली का गं?"

"कोण गेली?" काकी घाबरलीच.

"ती गं, पुस्तकातली. निद्राधीन झाली असं लिवलंय. दोन दिस झालं, मला घास गोड लागंना झालाय. मी पुढं वाचायचंच सोडलं."

काकी तिथंच उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आक्का, झोपली हो ती! नुसती झोपली!"

आई चिडली. मग तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी मी आईला पोट धरून हसताना बघितलं.

तिथून ते सुरू झालं. काकीनं तिला रीत घालून दिली. वाचताना अडलेला शब्द आला की थांबायचं नाही. त्याच्याखाली पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचं आणि पान संपवायचं. पान संपलं की त्या शब्दाकडं परत यायचं, मागचं-पुढचं बघून अर्थाचा अंदाज बांधायचा. अंदाज आधी सांगायचा, अर्थ नंतर विचारायचा. आणि वहीत शब्द लिहिला की त्याच्यापुढं अर्थ लिहायचा नाही, वाक्य लिहायचं. पुस्तकातलं नाही, आपल्या घरातलं.

"अर्थ लिहिला तर वहीतच राहतोय आक्का. वाक्य केलं की तुमचा होतोय."

आईची अट एकच होती. "माजं चुकलं तर चुकलं म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून व्हय व्हय करायचं न्हाय. कबूल?"

"कबूल."

माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, सुईदोऱ्यानं शिवून आईनं वही केली. तिची वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'उसंत. म्हैस व्याली तेव्हापासून मला उसंत नाही.' 'अलगद. अनूने खरवस अलगद कापला.' 'हव्यास. आण्णांना भजीचा हव्यास आहे.' लिहिताना ती शुद्ध लिहायची, बोलताना तिची कोल्हापुरी सुटायची नाही. आमच्याकडं बायकासुद्धा मी येतो, मी जातो असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. पण त्यात मधेच एखादा पुस्तकातला शब्द यायचा आणि समोरचा माणूस बावचळायचा.

एकदा डेअरीत दुधाचं फॅट कमी लागलं. आई कॅन खाली ठेवून म्हणाली, "म्हशीला सरकी तीच, पेंड तीच. मग फॅट उतरलं कसं? हे अनाकलनीय हाय." रांगेतली माणसं तिच्याकडं बघतच राहिली. फॅट काढणाऱ्या माणसानं मुकाट्यानं दुसऱ्यांदा नमुना घेतला. फॅट तेवढंच निघालं, पण आई ताठ मानेनं घरी आली.

आणि एकदा आण्णा जेवायच्या वेळी पंख्यावरून रुसून बसले, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, तुमचा हट्ट अनाठायी हाय बगा." आण्णा उठून जेवायला बसले. संध्याकाळी त्यांनी काकीला गोठ्याकडं बोलावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "थोरलीनं मला शिवी दिली का गं?"

अशी वर्षं गेली. दोघींची दुपार ठरलेली असायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जावा-जावा कशा राहतात ते ह्यांच्याकडं येऊन बघा. माझे वडील आणि काका बांधावरून, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून भांडायचे. दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत. त्या दोघींना त्याचं काही नसायचं.

काकीला मूल झालं नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. जेवत नव्हती, काकांशी बोलत नव्हती. आई तिच्याशेजारी नुसती बसून राहिली. मग उठली, चुलीवर पाणी तापवलं, शिकेकाई उकळली आणि काकीला हाताला धरून न्हाणीत नेलं. तिचं डोकं धुतलं, केस पुसले, उन्हात बसवून विंचरले. त्या आठवड्यात आईच्या वहीत एक शब्द चढला. 'सांत्वन. अनूचं सांत्वन करायला मला जमलं नाही म्हणून मी तिचं डोकं धुतलं.' काकीनं ते वाक्य वाचलं आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती मोठ्यानं रडली. तोवर ती रडलीच नव्हती.

मी पुढं शिकायला कोल्हापूरला आले. राजारामपुरीत एका गल्लीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला लागले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा काकीचं पोट दुखायला लागलं.

आधी पित्त म्हणून गोळ्या खाल्ल्या. मग पाठीत दुखायला लागलं. अंगावरचं ब्लाउज सैल पडायला लागलं, ते आईनं दोन्हीकडून टिपा घालून आत घेतलं. महिनाभरात परत टिपा घालायची वेळ आली. एका सकाळी आईनं तिचे डोळे बघितले, हळदीसारखे पिवळे. त्याच दिवशी काका तिला गाडीत घालून कोल्हापूरला घेऊन आले, बरोबर आई.

तपासण्या झाल्या. मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी काकांना आत बोलावून बराच वेळ काय काय सांगितलं. काका बाहेर आले आणि म्हणाले, "स्वादुपिंडाला गाठ हाय. उपचार करायचे म्हणालेत." तेवढंच बोलून ते पाणी आणायला गेले.

आईनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. तिनं काकीला विचारलं, "स्वादुपिंड? त्यो चवीचा स्वाद काय गं?"

"मग. म्हणूनच माझ्या तोंडाची चव गेलीया आक्का," काकी म्हणाली. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

आई माझ्या खोलीवर राहायला आली. सकाळी आंघोळ, भाकरी, आमटी, डबा भरून दवाखाना. संध्याकाळी काका आले की ती परत यायची. काकीला आता पुस्तक हातात धरवत नव्हतं, म्हणून आई तिला वाचून दाखवायची. आधी काकी वाचायची आणि आई ऐकायची, आता उलटं झालं. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा कान देऊन ऐकायची. आई अडली की पेन्सिलीचं टिंब देऊन पुढं जायची आणि पान संपलं की अंदाज सांगायची. काकी डोळे मिटूनच सांगायची, "बरोबर." नाहीतर, "चुकलं आक्का, परत बघा."

दुखणं वाढलं. काकी रात्रभर विव्हळायची. मग एका दिवशी तिला दुसऱ्या मजल्यावरच्या एका वेगळ्या खोलीत हलवलं. मी कॉलेजमधून थेट दवाखान्यात गेले, तर आई त्या खोलीबाहेर उभी होती, पाटीकडं बघत. पाटीवर मराठीत लिहिलं होतं, 'उपशामक उपचार कक्ष.'

"उपशामक," आई अक्षर अक्षर लावत म्हणाली. "थांब, सांगू नको. मला अंदाज बांधू दे."

मला तरी कुठं माहीत होतं? मी म्हटलं, "बांध."

"शमणं म्हंजे शांत हुणं. आग शमली, तहान शमली, असं पुस्तकात असतंय. रोगाची आग शमवायची ते उपशामक. म्हंजे आता रोग मोडणार." तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. "व्हय का न्हाय?"

तेवढ्यात नुजहत सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आल्या. त्या सांगलीकडच्या होत्या, आईला ताई म्हणायच्या. आईनं त्यांनाही विचारलं. सिस्टरनी ट्रेमधली बाटली सरळ केली. मग म्हणाल्या, "हां ताई. त्रास कमी करायचा. दुखणं शांत करायचं. तेच."

"बघ," आई मला म्हणाली.

आत जाऊन तिनं काकीला सांगितलं. "अनू, नवा शब्द घावला. पाटीवरचा. अंदाज सांगू?"

काकीनं डोळे उघडले. आईनं सगळं सांगितलं, शमणं, आग, तहान. काकी तिच्याकडं बघत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाली, "बरोबर हाय आक्का."

आणि खरंच, पुढचे दिवस तसेच गेले. दुखण्यावरचं नवं औषध सुरू झालं आणि काकीचं विव्हळणं थांबलं. तिला झोप लागली. तिनं मागून वरणभात खाल्ला. एका दुपारी तिनं आईकडून केस विंचरून घेतले आणि मला म्हणाली, "तुझ्या लग्नात मी काय नेसू गं?" आईला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं दवाखान्यातच पिशवीतली वही काढली आणि लिहिलं, 'उपशामक. अनूला उपशामक औषध लागू पडलं. आता ती घरी येणार.'

तिनं आण्णांना फोन केला. माझ्या वडिलांना फोन केला. गल्लीतल्या दोघी-तिघींना फोन केला. सगळ्यांना तोच शब्द सांगितला. तो शब्द त्यांनीही कधी ऐकला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना आनंद झाला.

त्या शनिवारी काका जेवायला माझ्या खोलीवर आले. डॉक्टरांनी सोमवारी घरी न्यायला सांगितल्याचं त्यांनी सांगितलं. आई तवा उतरवून उठली.

"मी म्हणलं न्हवतं? भावजी, पाटी वाचली तवाच मला कळलं. उपशामक म्हंजे रोग शमवायचं औषध. एकदा ते सुरू झालं म्हणल्यावर काय बिशाद हाय त्या गाठीची! घरी गेल्यावर मी तिला महिनाभर कोंबडीचा रस्सा पाजतो, बघा कशी हुती."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. 

"वैनी, त्याचा अर्थ तसा न्हाय."

"मग कसा? अनू बरोबर हाय म्हणाली."

"ती म्हणाली आसंल." काकांचा आवाज फुटला. "वैनी, आता काय करता येत न्हाय म्हणून ते करत्यात. दुखू नये म्हणून. मरताना दुखू नये म्हणून."

आईच्या हातात उलथनं होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं. मी उठून गॅस बंद केला.

"तुमाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"पैल्याच दिवशी."

"आणि तिला?"

"तिनंच डॉक्टरास्नी विचारून घेतलं. तुमाला सांगू नका म्हणाली. तुमच्या कानावर जाईल म्हणून घरात कुणालाच सांगितलं न्हाय."

आईनं काकांना जेवण पुरं करायला लावलं. जेवल्याशिवाय तिनं कुणाला कधी उठू दिलं नव्हतं. काकांनी रडत रडत भाकरी खाल्ली. मग ती मला म्हणाली, "चल."

आम्ही रिक्षानं गेलो. दवाखान्यात पोचल्यावर ती जिना भरभर चढली. त्या पाटीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. काकी जागी होती.

"चुकलं म्हणायचं ठरलं हुतं," आई खाटेच्या पायाशी उभी राहून म्हणाली. "एवढ्या वर्षात तू मला कधी सोडलं न्हाईस. वेलांटी चुकली तरी बोललीस. आणि ह्यो एवढा मोठा शब्द चुकला तर बरोबर म्हणालीस?"

काकीला कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "बसा की आक्का."

"न्हाय बसत."

"तुमचं तोंड कसं झालतं त्या दिवशी, तुमाला म्हाईत न्हाय. एवढं फुललेलं. कसं चुकलं म्हणू?" काकीला बोलताना दम लागत होता. ती थांबून थांबून बोलली. "सगळी माझ्याकडं मेल्यासारखं बघत्यात. हे बघत्यात, माझा भाऊ बघतोय, सिस्टरसुद्धा. तुम्ही एकट्याच म्हशीचं बोलताय, माझ्या ब्लाउजाच्या टिपा उसवायचं बोलताय. तुम्ही आलासा की मला वाटायचं, मी अजून घरातलीच हाय."

आई खाटेवर बसली. तिनं काकीचे पाय मांडीवर घेतले आणि दाबायला लागली. त्या पायांत मांस राहिलं नव्हतं.

"मी समद्या गावाला फोन केलते गं," ती म्हणाली.

"मला म्हाईत हाय. आण्णांनी मला फोन करून सांगितलं, उपशामक सुरू झालंय म्हणं, आता भ्यायचं काय कारण न्हाय." काकीला हसू आलं आणि त्या हसण्यात तिला कळ आली. ती ओसरेपर्यंत आईनं तिचा पाय घट्ट धरून ठेवला.

मग काकी म्हणाली, "आक्का, आणखी दोन दिवस तसंच समजा की. घरी जाऊस्तोवर."

"जमणार न्हाय मला."

"जमंल."

आईनं पदरानं तोंड पुसलं. जरा वेळानं तिनं खाकरून गळा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली, की धाकटी म्हैस आता गाभण आहे, आणि काकी घरी आल्यावर त्या म्हशीचा खरवस कुणाकुणाला द्यायचा ते ठरवायला पाहिजे, गेल्या वेळी शेजारचे रुसले होते. ती बोलत राहिली. आवाज मधेच चिरकायचा, पण ती थांबली नाही. काकी डोळे मिटून ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "त्यांना नगंच द्यायला."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

सोमवारी काकी घरी आली. आईनं लिहिलेलं ते वाक्य तेवढं खरं झालं. सोप्यात तिची खाट घातली, म्हणजे तिला दारातून गल्ली दिसेल. औषधाच्या गुंगीत ती जास्त वेळ झोपूनच असायची. आई धार काढायची आणि तिच्याजवळ येऊन बसायची. वाचून दाखवायची नाही. एकदा काकीनंच विचारलं, "पुढं काय झालं वो त्या गोष्टीत?" आईनं पुस्तक आणलं, पान उघडलं, आणि तिला अक्षर दिसेना. मग तिनं पुस्तक समोर धरून मनानंच काहीतरी रचून सांगितलं. काकीला ते कळलं असणार, ते पुस्तक तिनं दोनदा वाचलेलं होतं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

श्रावण लागायच्या आधी काकी गेली. सकाळी, आई तिच्या तोंडात चमच्यानं चहा घालत असताना. चहा ओठाच्या कडेनं बाहेर आला, आईनं तो पुसला, दुसरा चमचा भरला आणि तो हातात तसाच राहिला.

माणसं भेटायला यायची. बायका आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायच्या. आई खांबासारखी बसून असायची. कुणी म्हणालं, "क्रांते, काय तरी बोल गं, न्हायतर छातीत बसंल."  गारगोटीहून काकीची आई आली तेव्हा आई तिला फक्त एवढंच म्हणाली, "तुमची लेक मला दिलती, मला राखता आली न्हाय."

त्यानंतर आईनं वाचायचं सोडलं. मी तिला पुन्हा वाचायला लावायचे प्रयत्न केले. एकदा कोल्हापुरातून एक नवं पुस्तक आणलं, मोठ्या अक्षरांचं. माझं मन राखायला तिनं ते उघडलं. पहिल्याच पानावर कुठलातरी शब्द अडला असावा. तिनं मान वर केली आणि भिंतीकडं बघितलं, काकी टेकून बसायची तिकडं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"मला विचार की," मी म्हटलं. "मी सांगते अर्थ."

"अर्थ काय, तुजा मोबाईल पण सांगतोय," ती म्हणाली. "मला कुठं अर्थ पायजे हुता."

वर्ष उलटल्यावर घरात काकांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं. काका नको म्हणत होते. आण्णा थकले होते, त्यांना घर भरलेलं बघायचं होतं. शेवटी आईनंच काकांना समजावलं. मुलगी बघायला आईच गेली, पसंत आईनंच केली. वर्षाराणी तिचं नाव. वारणेकाठच्या एका गावची, गरीब घरची, कामाला वाघ. लग्नात आईनं सगळं हौसेनं केलं. तिला काय वाटत असेल ते कुणीच विचारलं नाही, मीही नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात होते. वर्षाराणी काकी न्हाऊन आली, कपाळावर पदर, हातात चुडा. तिनं चुलीपाशी बसलेल्या आईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आक्का, चहात साखर किती घालू?"

आई ताडकन उठली. "मला आक्का म्हणायचं न्हाय."

आवाज एवढा चढला की ओसरीवर आण्णा दचकले. ती पोरगी पांढरीफटक पडली. "मग काय म्हणू?"

"वैनी म्हण. बाई म्हण. काय पण म्हण. आक्का न्हाय."

वर्षाराणी साखरेचा डबा तिथंच ठेवून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला. मी तिला सांगायला उठले, तर आईनं मला खाली बसवलं आणि स्वतः आत गेली. दारातून मला दिसत होतं. तिनं त्या पोरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुजं काय चुकलं न्हाय गं पोरी. तुजं काय बी चुकलं न्हाय. माजी एक..." तिथं ती अडली. पुन्हा सुरुवात केली. "मला एक जण..." पुन्हा अडली. वर्षाराणी भेदरून तिच्या तोंडाकडं बघत होती. आईनं मान हलवली, पोरीच्या डोक्यावरचा पदर नीट केला, आणि बाहेर येऊन चहात साखर घातली.

आता ती आईला वैनी म्हणते. पोरगी मायाळू आहे, आईवाचून तिचं पान हलत नाही. सध्या तिला दिवस गेलेत, म्हणून आई तिला जड उचलू देत नाही, सकाळ-संध्याकाळ दूध पाजते, ओरडून ओरडून खायला लावते. दुपारी दोघी सोप्यात असतात. वर्षाराणी बाळाची दुपटी शिवत बसते, आई आडवी होते. दोरा संपला, सुई सापडली नाही, की ती हाक मारते, "वैनी." आई जागीच असते. पण पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. हाक कुणा दुसऱ्याच बाईला असल्यासारखी पडून राहते. मग तिच्या लक्षात येतं आणि ती उठते.